गदगदासुराला उंचीची भीती वाटते

राक्षसाचा आवाज मी जरा बारीक काढला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हौसेराव आजही म्हणतात. मला ते मान्य नाही. राक्षसाचा आवाज बारीक काढून चालत नाही. ज्याला चालतं त्याने मुलांना गोष्टी वाचून दाखवू नयेत, बातम्या वाचाव्यात.

कांद्याचा भाव वर्तमानपत्रात पहिल्या पानावर यायचा, त्या वर्षातली ही गोष्ट. मी वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या एका गाळ्यावर दिवाणजी. दिवसभर तोंडात कांदा-बटाटा, बटाटा-कांदा. संध्याकाळी बेलापूरला घरी आलो की जिभेला काहीतरी वेगळं हवं असायचं. म्हणून आमच्या राजीला, म्हणजे दुसरीतल्या राजेश्वरीला, मी मोठ्याने वाचून दाखवायला लागलो. आमच्या घरात मोठ्याने वाचलं की बायकोच्या मालिकेतल्या सासूचे टोमणे ऐकू येत नाहीत, म्हणून आमची रवानगी जिन्यात झाली. जिन्यात वाचतो म्हटल्यावर बाकीच्या मजल्यांवरची मुलं येऊन बसली. मुलं घराबाहेर बसतात म्हटल्यावर त्यांच्या आया खूश झाल्या. अशा रीतीने मी न मागता सार्वजनिक झालो.

पुस्तक रद्दीतलं होतं. वरचा पुठ्ठा नव्हता, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. शेवटही नव्हता. गोष्ट एका विहिरीत राहणाऱ्या गदगदासुर नावाच्या राक्षसाची. कुणी दोन शब्द प्रेमाने बोललं की त्याचा कंठ दाटून येई आणि मग त्याला त्या माणसाला खाता येत नसे. बिचारा पेरूंवर दिवस काढत होता. एकदा गावातल्या एका मुलाचा पतंग पिंपळावर अडकतो. मुलगा विहिरीपाशी येऊन म्हणतो, काका, तेवढा काढून द्या. गदगदासुर पिंपळाखाली येतो, वर बघतो, आणि

इथे पान संपलं. पुढे पुस्तकात नुसता शिवणीचा दोरा.

जिन्यातली सगळी तोंडं माझ्याकडे वळलेली. अशा वेळी प्रामाणिक माणूस सांगतो की पुस्तक फाटलंय. मी पान उलटल्याचं नाटक केलं आणि पुढे वाचू लागलो, ‘गदगदासुराचे पाय लटपटू लागले. कारण त्याला उंचीची भीती वाटत असे.’

हे वाक्य माझं. भीतीही माझीच. मला स्टुलावर उभं राहून बल्ब बदलता येत नाही. पहिल्या मजल्यावरचं घर मी त्यासाठीच घेतलं. लोकांना सांगतो, वर पाण्याला प्रेशर नसतं म्हणून.

मुलांना ते वाक्य फार आवडलं. राक्षस भितो म्हटल्यावर तो एकदम त्यांचा झाला. दुसऱ्या दिवशी तो जिन्याच्या भिंतीवर खडूने उमटला, मग वह्यांच्या मागच्या पानांवर, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर आणि एकदा प्रेमलावहिनींच्या दारात, त्यांच्या रांगोळीच्या जोडीला. प्रेमलावहिनी आमच्या समोरच्या. त्यांनी तो पुसला नाही. त्याला कान लहान झालेत, एवढंच सुचवलं.

मग मुलांना तो मोठा हवा झाला. खरोखरचा, मिठी मारता येईल असा. यात माझा दोष नाही. मी फक्त सामान आणलं. फळबाजारातून आंब्याच्या पेट्या आणि त्यांतलं गवत, गाळ्यावरून फाटकी बारदानं, अंड्यांचे पुठ्ठे. घरात खळ शिजली. बायकोने, विजयमालाने, पातेलं दिलं आणि ते पातेलं मी पुन्हा स्वयंपाकात आणणार नाही असं माझ्याकडून वदवून घेतलं. प्रेमलावहिनींनी सांगितलं, खळीत मोरचूद घाला, झुरळं लागणार नाहीत. तिसऱ्या मजल्यावरून निरोप आला की दात पांढरे नकोत, राक्षस दात घासत नाहीत. तळमजल्यावरून उलट निरोप आला की मुलांसमोर आदर्श हवा. शेवटी वरचे दात पिवळे झाले आणि खालचे पांढरे.

झाला मात्र झकास. राजीच्या दुप्पट उंच, गवताच्या जटा, पोटावर ठिगळं, आणि डोळ्यांत असे भाव की जणू आत्ताच कुणीतरी त्याला ‘जेवलास का?’ विचारलंय. वाळायला म्हणून आम्ही त्याला गॅलरीत बसवला. राजी शाळेत जाताना त्याला सांगून जायची, आल्यावर दिवसभराचा हिशोब द्यायची. एरवी ही मुलगी पाहुण्यांना नाव सांगताना आईच्या पदरात तोंड घालते. वर्गात बाईंनी उभं करून वाचायला सांगितलं तर हिच्या तोंडून शब्द फुटत नाही. पण गदगदासुराशी ती तासन् तास बोलत होती, आणि विजयमाला दाराआड उभी राहून ऐकत होती. मालिका बंद करून. यावरून काय ते समजा.

आता हौसेराव.

हौसेराव आमच्याच साताऱ्याकडचे. मार्केटात त्यांचं मसाल्याचं दुकान. माणूस सोन्यासारखा, पण हाती सोसायटीचं लेटरहेड. बोर्डावर नोटीस लागली:

‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, काही सभासद गॅलरीत राक्षस ठेवत असल्याचे निदर्शनास आले आहे. उपविधीनुसार गॅलरीत कपडे व कुंड्या यांखेरीज बाहेरून दिसेल अशी कोणतीही वस्तू ठेवता येत नाही. तरी संबंधितांनी आपापले राक्षस त्वरित आत घ्यावेत.’

सोसायटीत राक्षस एकच होता. पण नोटीस नेहमी सर्वांना असते, म्हणजे कुणाला वाईट वाटत नाही. मी हौसेरावांकडे गेलो. ते म्हणाले, परवानगीचा अर्ज द्या, कमिटीपुढं ठेवतो. मी अर्ज दिला. त्यांनी विचारलं, विषय काय लिहू? ‘मूर्ती’ लिहिलं तर धार्मिक होतंय, ‘फर्निचर’ लिहिलं तर गॅलरीत चालत नाही. आम्ही दोघांनी बराच विचार करून ‘पाहुणा’ लिहिलं. कमिटीने उत्तर दिलं की पाहुण्याच्या मुक्कामाला मुदत हवी.

या पत्रव्यवहारात मी मार्केटात, राजी शाळेत, विजयमाला भाजीला गेलेली असताना, हौसेरावांनी प्रेमलावहिनींकडे ठेवलेली आमची किल्ली घेऊन गदगदासुर ताब्यात घेतला आणि सोसायटीच्या ऑफिसात, पाण्याच्या मोटारीशेजारी नेऊन ठेवला. कमिटीचा निर्णय होईपर्यंत. त्यांच्या मते ही माझ्यावर मेहेरबानीच होती, कारण गॅलरीत असता तर दंड बसला असता.

आणि नेमके त्याच दुपारी गोटीरामशेठ आले.

गोटीरामशेठ म्हणजे आमच्या इमारतीचे बिल्डर. खाडीकाठच्या दिवाळे गावचे. पूर्वी इथे त्यांची भातशेती होती, आता आम्ही आहोत. हौसेराव सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात आणि त्यांचं छत गळतं. त्यासाठी त्यांनी शेठना इतके निरोप पाठवले होते की शेठ आले हाच चमत्कार. छत बघायच्या आधी शेठनी मोटारीशेजारचा राक्षस बघितला आणि तिथेच थबकले. त्यांच्या गावाकडच्या नव्या बिल्डिंगचं काम चाललं होतं. चालू बांधकामाला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून वर राक्षसाचं तोंड टांगतात, ते आपण सगळीकडे बघतोच. पण बाजारातले मुखवटे सगळे एकसारखे. असा पुऱ्या अंगाचा, जटांचा, दोन रंगांच्या दातांचा राक्षस पंचक्रोशीत कुणाकडे नव्हता.

हौसेरावांनी छताकडे पाहिलं. मग राक्षसाकडे पाहिलं. आणि टेम्पो बोलावला.

(इथे एक पान मी मुद्दाम फाडतो आहे. त्यात मी आणि हौसेराव जिन्यात काय बोललो ते होतं. विजयमालाचं म्हणणं आहे की फाडायची गरज नव्हती, कारण मी बोललोच नाही, फक्त हातातली कांद्याची पिशवी खाली ठेवली आणि परत उचलली.)

आम्ही चालत गेलो, मी आणि राजी. दिवाळ्याकडे वळलं की बोंबील वाळत घातलेल्या काठ्या दिसतात, त्यांच्या पलीकडे ती बिल्डिंग. पाच मजल्यांचा नुसता सांगाडा. भिंती नाहीत, कठडे नाहीत. आणि पाचव्या मजल्याच्या तोंडाशी, बांबूला, काखेत दोर अडकवून आमचा गदगदासुर. गळ्यात फाटकी चप्पल, लिंबू आणि मिरच्या. खाडीच्या वाऱ्यात हलत होता.

राजी रडली नाही. ती रडली असती तर मला काय करायचं ते माहीत होतं. तिने मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाली, “बाबा, त्याला उंचीची भीती वाटते.”

मी नजर खाली बोंबलांच्या काठ्यांवर आणली.

त्या दिवशी जिन्यात मुलं जमली तेव्हा राजी आली नाही. मी पुस्तक घेऊन आत गेलो. ती रिकाम्या गॅलरीत पाठ करून बसली होती. मी म्हटलं, चल, आज छान भाग आहे. ती म्हणाली, “तो तिकडं लटकलाय, आणि आपण त्याचीच गोष्ट वाचायची?” मी पुस्तक मिटलं. बाहेर मुलंही उठली. एकेकाने आपापल्या दाराशी जाऊन चपला काढल्या, आणि जिन्यात पूर्वीसारखी शांतता झाली, जिच्यासाठी मी एके काळी भांडलो असतो. राजी पुढचे दिवस जेवायची, शाळेत जायची, पण बोलणं पुन्हा पदराआड गेलं. मी मार्केटात कांद्याच्या विक्रीच्या पट्ट्या लिहीत होतो आणि डोळ्यांपुढे वाऱ्यात हलणारे पाय. ते पाय बारदानाचे होते हे मला माहीत होतं. त्याचा उपयोग झाला नाही.

गोटीरामशेठनी माझं नीट ऐकून घेतलं. थंडा मागवला. मला ते कायम मास्तर म्हणत. मी दिवाणजी आहे हे सांगून पाहिलं, पण जिन्यात पोरं घेऊन बसणारा माणूस मास्तर नाही तर कोण, असा त्यांचा सवाल होता.

“मास्तर, मना आधी सांगाचा ना,” ते म्हणाले. “आता टांगला तो टांगला. सलाब पुरा होईपर्यंत काढता नाय येनार. माजी आय ऐकनार नाय. तुमाला बाजारातला दुसरा घेऊन देतो, जीभ हलनारा.”

राजीने मान हलवली. जीभ हलणारा नको.

शेठची आई गोजराबाई. मुलाने बंगला बांधला तरी ह्या दारात सुकी मासळी मांडून बसायच्या, कारण घरात बसून करायचं काय. राक्षस त्यांनीच नारळ फोडून टांगला होता. दृष्टीचा राक्षस मध्येच काढला की अडवलेली सगळी दृष्ट काढणाऱ्याच्या घरी जाते, असं त्यांनी मला समजावलं. मी जाहीररीत्या असलं काही मानत नाही. पण मी एक पाऊल मागे सरकलो.

राजी माझ्यामागून पुढे आली. तिने गोजराबाईंना सांगितलं की हा भीती घालणारा राक्षस नाहीच, हा वेगळा आहे. त्यांनी विचारलं, येगला म्हंजे कसा? राजीने माझ्याकडे बोट दाखवलं. “बाबा वाचून दाखवतील.”

तर मी, मार्केटात चारचौघांत मान असलेला माणूस, रेतीच्या ढिगावर बसून मोठ्याने राक्षसाचा आवाज काढला. सेंटरिंगवाले हातोडे खाली ठेवून कडेला आले. बायका टोपल्या टेकवून थांबल्या. गोजराबाई सुकटीवरच्या माश्या हाकत ऐकत होत्या. पेरूंच्या जागी त्या म्हणाल्या, बिचारा. पतंगाच्या जागी त्यांनी माश्या हाकायचं थांबवलं. आणि पाय लटपटायच्या वाक्याला त्यांनी वर पाचव्या मजल्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

“गोट्या,” त्या म्हणाल्या, “भिनारा राकस टांगलास रं बिल्डिंगीला? दिष्ट काय परत जाईल, ती तं त्याच्या मांडीव येऊन बसंल.”

निकाल लागला. पण अटी होत्या. जागा क्षणभरही रिकामी ठेवायची नाही. आधी दुसरा चढवायचा, मग हा उतरवायचा. दुसराही ह्याच पोरांनी केलेला हवा, कारण त्यांच्या हाताला गुण आहे. आणि तो खरोखर भयानक हवा.

सोसायटीत कामाला सुरुवात झाली. हौसेरावांनी, त्यांचं छत अजून गळतच होतं, पश्चात्तापाने स्वतःच्या दुकानातल्या मिरच्यांचं रिकामं पोतं दिलं. ते फाडताना अर्धी सोसायटी शिंकत होती. पण मुलांना भयानक जमेना. पहिला केला तो हसत होता. दुसऱ्याला कुणीतरी रिबन बांधली. तिसरा भयानक होता, पण प्रेमलावहिनींनी त्याला अंगडं शिवून दिलं आणि तो बाळसेदार दिसायला लागला. हौसेराव म्हणाले, आवो, मी बसतो की पोरांसमोर, वार्षिक सभेतला चेहरा करून. त्यांनी केला. मुलं म्हणाली, काका, तुम्ही तर रडल्यासारखे दिसता.

शेवटी मुलांनी मला घराबाहेर काढून दार लावून घेतलं. आतून खुसखुस. मग दार उघडलं. आधी विजयमालाने पाहिलं आणि तोंडात पदर कोंबला. मग मी पाहिलं.

तो मी होतो.

बांगड्यांचा चष्मा, आंब्याच्या गवताच्या मिशा, कपाळावर तीच शीर जी विजयमालाच्या मते माझी खासियत आहे. आणि तोंड उघडलेलं, एवढं, की त्यात नारळ जावा. मी विचारलं, हे काय आहे? राजी अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, “बाबा, तुम्ही राक्षसाचं वाचता ना, तेव्हा असेच दिसता.”

बाकीच्या मुलांनी माना डोलावल्या. इतके दिवस मी समजत होतो की मुलं गोष्टीला भीत होती.

गोजराबाईंनी मला एकदा, पुतळ्याला एकदा, आणि पुन्हा मला पाहिलं. “ह्याला बगून दिष्ट गावात बी येनार नाय,” त्यांनी प्रमाणपत्र दिलं. मग शेवटची अट काढली, जी आधी सांगितली असती तर मी जीभ हलणाऱ्या मुखवट्यावर समाधान मानलं असतं. ज्याचा राक्षस, त्याच घरच्या पुरुषाने उतरवायचा.

(इथलंही पान फाडलं. विजयमाला म्हणते, हे मी सांगते: दुसऱ्या मजल्यापर्यंत हे चालत गेले, त्यापुढे बसत बसत. पायरीला दोन्ही हात लावून. हौसेभाऊ मागून सांगत होते, डोळे मिटा. आणि डोळे मिटले की सांगत होते, आवो, उघडा, कठडा न्हाई.)

तिसऱ्या मजल्यावर मी थांबलो. खरं सांगायचं तर थांबलो नाही, संपलो. काखेत स्वतःचाच पुतळा, तोंड वासलेला. समोर खाडी, तिच्यावर दिवाळ्याच्या होड्या, आणि खाडीच्या नि माझ्या मध्ये काहीच नाही. मी हौसेरावांना सांगितलं की सोसायटीने आपला निर्णय घ्यावा, मी इथेच राहतो.

तेव्हा खालून आवाज आला. आधी मला कळलंच नाही कुणाचा. वर्गात न फुटणारा आवाज कुणी मोठा ऐकलेला असतो?

राजी रेतीच्या ढिगावर उभी होती. हातात ते पुस्तक. शेवटचं पान उघडलेलं, जिथे नुसता दोरा होता. आणि ती घसा ताणून वाचत होती, बोट ओळीवरून फिरवत, नसलेल्या ओळीवरून.

“मग गदगदासुर पिंपळावर चढायला लागला. तो घाबरला नव्हता.” ती थांबली. वर माझ्याकडे पाहिलं. पान उलटल्याचा आवाज केला, अगदी माझ्यासारखा. “थोडासाच घाबरला होता. म्हणून तो खाली बघत नव्हता. तो फक्त वरच्या पतंगाकडे बघत होता.”

हातोडे पुन्हा थांबले होते. कुणी हसलं नाही. मला कळलं की पुस्तक फाटलंय हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. आणखी काय काय माहीत होतं ते विचारायची ती जागा नव्हती.

मी वर बघत चढलो. तिचं वाचन सुरूच होतं. राक्षस प्रत्येक फांदीवर बसून दम खात होता आणि कुणीतरी त्याला शाबास म्हणत होतं. पाचव्या मजल्यावर सेंटरिंगवाल्यांनी माझी कंबर धरली. मी स्वतःला टांगलं. माझ्या गळ्यात चप्पल घातली, लिंबू घातलं, मिरच्या घातल्या. मग गदगदासुराचे दोर सोडले आणि त्याला मिठीत घेऊन बसत बसत खाली आलो. सगळं अंग बारदानाचं, पण माझ्या छातीशी लागून तो थरथरत होता. हौसेराव म्हणतात, थरथरत होता तो मी. हौसेरावांचं छत आता गळत नाही, त्यामुळे ते काहीही म्हणू शकतात.

गदगदासुर घरी आला. कमिटीने त्याला पाहुणा म्हणून बेमुदत मान्यता दिली. जिन्यात पुन्हा वाचन सुरू झालं, फक्त आता एक दिवस मी वाचतो आणि एक दिवस राजी. तिच्या पाळीला गर्दी जास्त असते.

त्या बिल्डिंगचा स्लॅब पुरा झाला, भिंती चढल्या, रंग लागला. गोटीरामशेठ मला उतरवायला तयार होते. गोजराबाई म्हणाल्या, राहू दे, गुनाचा हाय. म्हणून गच्चीच्या कठड्याला अजून मीच आहे. मिशा पावसाने गळाल्या, चष्म्याची एक बांगडी गेली, तोंड मात्र तसंच उघडं.

आम्ही मासळीला दिवाळ्याला जातो तेव्हा राजी बिल्डिंगखाली थांबते. मान वर करते, तोंडाला दोन्ही हात लावते आणि वरच्याला ओरडून सांगते, “खाली बघू नका हं, बाबा.”

मी तिच्या शेजारी, पक्क्या जमिनीवर, पिशवी घेऊन उभा असतो.

“नाही बघत,” मी म्हणतो.